सही लागत नाई

धाड, शनिवार

प्रिय प्रतिमा,

वेळेवर जेवतेस का? नसशीनच जेवत. माहेरी गेली की बाई सुधरते म्हणतात, पण तू अमडापूरले जाऊन पार वाळली, असं तुहा भाऊ बाजारात भेटला तेव्हा सांगत होता. इकडे सारं तसंच हाये. कपाशीची दुसरी वेचणी चालू हाये अन् बाया भेटत नाईत, म्हून मीच कमरेले ओटी बांधून वेचाले जाते. निम्मी बोंडं किडकी. गुलाबी अळी आत बसून खाते अन् वरून बोंड कसं टवटवीत दिसते. बीटी कपाशीले अळी लागत नाई म्हून लोकायनं हे बियाणं घेतलं, अन् त्याच अळीपायी माहा पोरगा, आपला गोपाळ, दिवसभर पाठीवर पंप घेऊन औषध फवारत राह्यला. संध्याकाळी मळमळते म्हणे, डोळ्याले दिसत नाई म्हणे. मंग दवाखाना, अन् मंग काईच नाई. तुले काय सांगू, तूच तर त्याच्या उशाशी होती. थकली मी बाई. वेचता वेचता मधेच बसून जाते अन् उठावंसं वाटत नाई.

गोपाळ गेल्यावर तुही पाळी चुकली, ती दुःखानं चुकली असंच आपण दोघी समजत होतो. तुले दिवस गेले हे कळलं तेव्हा, खोटं काऊन बोलू, माह्या जिवात जीव आला. तुहे सासरे तर त्या दिवशी कितीतरी दिवसानंतर पोटभर जेवले. अन् तू चुलीपाशी बसून हळूच म्हटलं की आई, मले हे लेकरू नाई जमणार, त्याचं तोंड पाह्यलं की मले तो फवारणीचा दिवस दिसन. मी भाकर थापत राह्यली. मंग तू एकटीच दवाखान्यात गेली, अन् तिथल्या डॉक्टरनं तुले सासू-सासऱ्याची सही आणाले परत पाठवलं. तुहे सासरे म्हणे, पोराची एवढीच निशाणी उरली, तिच्यावर मी माह्या हातानं पाणी सोडू का? मी दाराशी उभी होती. मले आतून बरंच वाटलं. तू पिशवी भरली अन् अमडापूरची गाडी धरली.

त्यानंतर मी बाजारात गेली होती, मिरच्या आणाले. फकीर मोहम्मदच्या कापडाच्या दुकानात लेकरायची टोपडी टांगलेली होती. एक पिवळं टोपडं मी हातात घेतलं. त्यानं विचारलं, काकू, कोनाले घेता? मी म्हटलं, गोपाळले. अगदी सहज तोंडातून गेलं वं. तो माणूस मान खाली घालून कापडाच्या घड्या करत राह्यला. मी टोपडं तिथंच ठेवलं अन् मिरच्या न घेताच घरी आली. सारा रस्ता मले एकच गोष्ट खात होती. मी नातू मागतच नव्हती, प्रतिमा. मी गोपाळ मागून राह्यली होती. अन् तो तुह्या पोटातून कसा येईन? आलं असतं ते दुसरंच लेकरू असतं, अन् मी त्याच्यात जन्मभर आपला पोरगा शोधला असता. त्याचेही हाल, अन् तुहेही.

म्हून काल जीपनं बुलढाण्याले गेली. फकीर मोहम्मदची पोरगी आसमा तिथं कोर्टात वकिली करते, तिच्याकडे. मनावर दगड ठेवून गेली होती. तिले म्हटलं, आसमा, प्रतिमाच्या सासऱ्यायचं राहू दे, माही एकटीची सही चालते का सांग, मी द्याले आली. तिनं मले आधी पाणी देल्लं. मंग म्हणे, काकू, तुमची सही लागतच नाई. काकांचीही नाई. नवरा जिता असता तरी त्याचीही लागली नसती. प्रतिमा सज्ञान हाये, तिची एकटीची सही पुरते. घटनेत एकविसावं कलम हाये म्हणे, माणसाच्या जगण्याचं अन् स्वातंत्र्याचं, अन् बाईनं आपल्या अंगाचं काय करावं हे त्याच्यातच येते, सुप्रीम कोर्टानं तसं सांगून ठेवलं हाये. घरच्यायची सही मागाची नाई, हेही सांगितलं हाये. पोटुशी असताना जी विधवा झाली, तिच्यासाठी चोवीस आठवड्यापर्यंत मुभा हाये, दोन डॉक्टर पाहतात अन् ठरवतात. पण तुहे चोवीस भराले आता थोडेच दिवस उरले.

मले काय वाटलं सांगू? राग आला! एवढं काळीज कापून मी द्याले गेली, अन् ही पोरगी म्हणते ते तुमचं नव्हतंच. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तशी गत झाली माही. जीपमधे बसल्यावर रडली. मंग हसूही आलं. एवढ्या मोठ्या घटनेत माह्या सुनेसाठी जागा काढून ठेवली, अन् आपल्या घरात आम्ही चुलीपाशी तिचं एक वाक्यही ऐकून घेतलं नाई.

हे पत्र आसमाच्या हातूनच पाठवते, ती सुट्टीले घरी आली हाये अन् उद्या चिखलीले चालली, तिथून तुह्याकडे अमडापूरले येईन. सोमवारी ती तुह्यासंगं बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात येईन, डॉक्टरशी तीच बोलन. तुह्या सासऱ्यायले मी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले हायेत. बसू दे, त्यायचंही पोरगंच गेलं. तुले वाटन, आईनं फोन काऊन नाई केला. पाच वेळा हातात घेतला. पण फोनवर मले रडू फुटलं असतं, अन् माह्या रडण्यापायी तू लेकरू ठेवते म्हटलं असतं. तू तशीच हायेस, मले माहीत हाये. म्हून लिहिलं. कागदावर माहं रडणं तुले ऐकू येत नाई. सोमवारी मी येणार नाई, ठरवताना तू माह्या तोंडाकडे पाहू नको. मंगळवारी येईन, भाकर अन् ठेचा घेऊन. तू काईही ठरवलेलं असो.

तुहीच,
आई