मी खाली बसले तेव्हा

ती. आई,

वाकून नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा. तेल चोळतेस ना, की बाटली अजून भरलेलीच?

मी मजेत आहे. दोन्ही वेळा जेवते. शेजारीही भले असावेत; कधी दार उघडलं तर कळेल.

तू विचारतेस, दिवसभर करतेस तरी काय? अगं, आम्ही एका वृद्धाश्रमात कॅमेरे लावलेत. कुणी पडलं की यंत्राने ओळखायचं आणि माणसं बोलवायची. माणूस पडलेला कसा दिसतो, ते यंत्राला मी शिकवते. बाबांना म्हणावं, शिक्षण वाया गेलं नाही.

काल मात्र फजिती झाली. खुर्चीत जेवायचा कंटाळा आला, म्हणून तिथल्याच एका रिकाम्या खोलीत मांडी घालून बसले नि डबा उघडला, तर भोंगा सुरू! इथे परदेशात जमिनीवर कुणी बसतच नाही. त्यामुळे खाली दिसलेला माणूस पडलेलाच, असं यंत्राने धरलं होतं. दोष त्याचा नाही, मास्तरीण मीच.

नर्स धावली, स्वयंपाकी धावला, एक आजोबा काठी टेकत आले. सगळे माझ्याभोवती. नर्सने खांद्यावर हात ठेवला, "लागलं का गं?"

लागलं काहीच नव्हतं. पण मी लगेच उठले नाही.

यंत्राला मांडी ओळखायला शिकवणं फार अवघड नाही. मग मी खाली बसले, तर कुणी धावत येणार नाही. आज करणार होते. उद्या करीन म्हणते.

तू अजून खालीच बसून जेवतेस का गं? बाबा बसतात ना सोबत?

तुझं शेंडेफळ