सव्वा किलोची पिशवी

प्रिय तूदा,

तुझा निरोप मिळाला. फोनवर सांगितलं असतं, पण फोन घेतला की तुझी आई शेजारी येऊन बसते आणि माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाही. म्हणून लिहायला बसलो. तुला लसीकरणाच्या गाडीबरोबर दर पंधरा दिवसांनी नवं खोरं, नवी चढण, आणि तू विचारतेस, 'बाबा, हलका कॅमेरा कोणता घेऊ, लेन्सा किती घेऊ, आणि भाषण नको.' भाषण होणारच, पोरी. चाळीस वर्षं या डोंगरात लग्नांचे, बारशांचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढलेल्या माणसाला तू हा प्रश्न विचारलायस. आणि आधीच सांगतो, यात माझाही स्वार्थ आहे. वरचं अगदाल, आपलं ते राखून ठेवलेलं कुरण, चराईला उघडतं त्या दिवशीचा तुझ्या आईचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तो मला हवाय. यंदाच हवाय.

आता ऐक. लोक दुकानात जातात, कॅमेरा तळहातावर तोलतात, 'वा, किती हलका!' म्हणतात आणि मग त्यावर तोफेएवढी लेन्स चढवतात. वजन कॅमेऱ्यात नसतं गं, लेन्समध्ये असतं. मी मराकेशच्या दुकानात दोन दिवस ठाण मांडून होतो. दुकानदार शेवटी म्हणाला, 'काका, घ्यायचाय की भाड्याने राहायचंय?' मी म्हटलं, 'बाबा रे, मला तराजू दे.' त्याच्याकडे तराजू नव्हता. मग शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. आत आरसा नसलेला, मिररलेस म्हणतात तो छोटा कॅमेरा, एक अठरा-पंचावन्न मिलिमीटरची साधी झूम लेन्स, एक तेवीसची चपटी लेन्स, दोन जादा बॅटऱ्या, पट्टा, पुसायचं फडकं. पिशवीसकट सगळं मिळून सव्वा किलो. दुसऱ्या पारड्यात किराणावाल्याने साखरेचा शंकू ठेवला, आपण कुणाकडे जाताना नेतो तो दोन किलोचा, आणि पारडं धाडकन त्याच्याकडे झुकलं. माझा विश्वासच बसेना. माझ्या जुन्या पेटीत नुसतं तिकाटण्याचं, म्हणजे ट्रायपॉडचं, डोकं एवढं होतं!

त्या जुन्या पेटीने काय दिवस दाखवले ते तुला कुणी सांगितलं नसेल, कारण तुझ्या आईने घराण्याची अब्रू झाकली. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. दोन कॅमेरे, सहा लेन्सा, लाकडी तिकाटणं, सोळा किलोंचं ओझं. अगदाल उघडायच्या आदल्या दिवशीच खिंडीत जाऊन जागा धरायची, म्हणजे पहाटे कळप चढताना समोरून फोटो मिळेल, असा माझा बेत. बंद कुरणात जनावर न्यायचं नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मी मेंढ्या नेतच नव्हतो! सामान फार म्हणून खेचर घेतलं होतं. माणूस फोटो काढायला चाललाय, यात कुणाला काय वाटणार, असं मी धरून चाललो. मी तिकाटणं उभं करत होतो, आणि मागे खेचर महाराज गुडघाभर गवतात तोंड खुपसून उभे. कुरणाची राखण करणारा गवताचा मुखिया झायद ढांगा टाकत आला. मी म्हटलं, 'अहो, हे कॅमेऱ्याचं खेचर आहे.' तो म्हणाला, 'अरे बास्सू, मग कॅमेऱ्याने गवत खाल्लं म्हणायचं का?' दंड ठरलेलाच, पंचांच्या सगळ्या बैठकीला जेवण. दुसऱ्या दिवशी चार खोऱ्यांचे कळप वर चढत होते आणि मी खाली बोकड कापून मोठमोठ्या भांड्यांखाली जाळ घालत होतो. सोळा किलो सामान आणि एक फोटो नाही. माझं असं हसं झालं, की वर्षभर बाजारात लोक खेचराची खुशाली विचारायचे.

म्हणून माझा पहिला नियम लिहून ठेव. जे तुझ्या स्वतःच्या पाठीवर दिवसभर राहून चढण संपताना विसरल्यासारखं होईल, तेवढंच सामान. तिकाटणं नको, दगडावर कोपर टेकायला शिक. कळप चालतात तेव्हा धूळ पिठासारखी उडते, त्या धुळीत लेन्स बदलू नकोस. बाहेर झूम लावून ठेव. तंबूत गेलीस, उजेड कमी झाला, की चपटी लाव. लांब पल्ल्याची लेन्स अजिबात घेऊ नकोस. दुकानदार गळ्यात मारेल, घेऊ नकोस. आपल्या बायका दुरून रोखलेली काच बरोबर ओळखतात आणि त्यांना राग येतो, आणि खरंच आहे त्यांचं. जवळ जा, चहा पी, विचार. नाही म्हणाल्या तर चहा तरी मिळाला.

आता तुझ्या आईचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी कॅमेरा तिच्याकडे वळवला तर तिने डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढली आणि म्हणाली, 'फोटोवाले, सरकारला ओळखपत्रावर चेहरा दिलाय, तेवढा पुरे.' त्यावर मी कधी जबरदस्ती केली नाही. पण खेचराच्या फजितीनंतरच्या वर्षी ती स्वतः म्हणाली, 'यंदा ती पेटी राहू द्या घरी. नुसते चला.' आणि मी नुसता गेलो.

तूदा, ते मी कसं सांगू? अगदी तान्ही असताना तू आईच्या पाठीला बांधलेली असायचीस, तुला आठवणार नाही, आणि नंतर शाळेमुळे तू खालीच राहिलीस. उजाडत होतं. सीमेच्या दगडांच्या अलीकडे हजारो मेंढ्या, बकऱ्या, आणि एकाही माणसाच्या तोंडून शब्द नाही. पलीकडे ते गवत, दोन महिने कुणी पाय न ठेवलेलं, दवाने पांढरं झालेलं. झायदने 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि डोंगर हलला. मी खोटं लिहीत नाही, पायाखालची जमीन थरथरली. आणि त्या सगळ्याच्या पुढे तुझी आई, हद्दा, चपला हातात घेऊन, दवात पाय बुडवत चालली होती. उतारावर कळप बिथरला, कोकरं तुडवली जातील असं वाटलं, माझी बोबडी वळली. तिने वळून नुसता एक आवाज काढला, घशातून, ओठ न हलवता. तीनशे मेंढ्या जागच्या जागी थांबल्या. ज्या बाईशी मी रोज चहात साखर जास्त झाली म्हणून भांडत होतो, तिचं हे रूप मला माहीतच नव्हतं. मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. ती पुढे गेली, आणि मागे वळून म्हणाली, 'या ना, उभे काय राहिलात?' त्यानंतर दरवर्षी मी फक्त बघायला जात आलो. बघून कधी पोट भरलं नाही.

आता खरं सांगतो. तो सव्वा किलोचा कॅमेरा मी तुझ्यासाठी तोलला नव्हता, माझ्यासाठी तोलला होता. विकतच घेतला. गेल्या मंगळवारी पिशवी पाठीला लावून खिंडीची वाट चढून पाहिली. तिसऱ्या वळणावर छातीत दुखायला लागलं, दगडावर बसलो तो बसलोच, आणि एका बाईने मला हात धरून खाली आणलं. डॉक्टर म्हणतो, उतारावर फिरा हवं तर, चढ विसरा. आणि चढ यंदा चुकवून चालणार नाही, कारण तीन कोरड्या वर्षांनंतर तुझ्या आईने ठरवलंय, उन्हाळा संपला की मेंढ्या विकायच्या. जूनच्या पहिल्या सोमवारी ती शेवटची वर जाणार. म्हणून तू कॅमेरा विकत घेऊ नकोस, पिशवी इथे खुंटीला भरून ठेवली आहे. रविवारपर्यंत ये, ती घे आणि आईबरोबर चढ. मी तिला भीतभीतच विचारलं होतं, चालेल का म्हणून. ती उठून मेंढ्यांकडे गेली, मला वाटलं विषय संपला. काल भाकरी भाजताना, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, 'फोटोत उभं कुठे राहायचं असतं?' चाळीस वर्षं लोकांना उभं करतोय मी, तरी म्हटलं, 'ते तूदा सांगेल.' तू ये आणि तिला सांग.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
बाबा