घरी पाणी कसं मागते?

मावशी, गेल्या महिन्यात तळोद्याच्या तपासणी शिबिरात एका बाईने तुमच्यासाठी आमचूर दिलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं आहे, तीन-चार ओंजळी असेल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, हे तिला माहीत नाही. मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते नीट लिहून काढावं म्हणून आज वही घेतली, आणि पहिलं वाक्य तुम्हालाच लिहिलं गेलं.

मी शाळेत आले तेव्हा बावीस वर्षांची होते. शहाद्याकडच्या शेतकरी घरातली, पुण्याहून विशेष शिक्षणाची पदविका घेऊन आलेली. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, एवढं एकच डोक्यात होतं. आम्हाला तसंच शिकवलेलं: मुलाने ओठांकडे बघावं, बाईच्या गळ्यावर हात ठेवून आवाजाची थरथर ओळखावी, आरशासमोर बसून तोच आवाज स्वतःच्या गळ्यातून काढावा. हातवारे केले की मूल आळशी होतं, बोलायची मेहनत घेत नाही. हे मी इतक्या खात्रीने सांगायचे, की मुख्याध्यापकसुद्धा मान हलवायचे. तुम्ही वसतिगृहाच्या मावशी. अंघोळी, वेण्या, उवा, अंथरूण ओलं केलेल्यांच्या चादरी हे तुमचं काम. नेमणुकीच्या कागदावर शिकवणं हा शब्द कुठेच नव्हता.

जूनमध्ये डोंगरातून जीप भरून पालक यायचे, तो दिवस मला अजून दिसतो. आम्ही शिक्षक टेबलामागे बसून अर्ज भरतोय: नाव, वय, जन्मापासून की नंतर. समोरच्या माणसाला माझं मराठी धड कळत नाही, मला त्याचं पावरी कळत नाही, आणि मी तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारतेय. तुम्ही मात्र पालकाला हातपंपाजवळच्या ओट्यावर घेऊन बसलेल्या. लग्नाआधी आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसायच्या, तिथे पावरी शिकलात असं तुम्हीच सांगितलेलं. त्याला चहा देऊन तुम्ही विचारायच्या, की ही घरी पाणी कसं मागते? आई कशी दाखवते? पोट दुखलं तर काय करते? आणि तो बाप आधी लाजायचा, मग हात हलवून दाखवायचा. तुम्ही तसंच करून बघायच्या, चुकलं की तो हसून दुरुस्त करायचा. प्रत्येक पोराचं वेगळं. कुणाची आई नाकातल्या फुलीने, कुणाची विळ्याने, कुणाची एका पायाने लंगडत. चाळीस मुलांच्या चाळीस आया तुमच्या हातांत होत्या, आणि त्या तुम्ही कुठेही लिहून ठेवल्या नव्हत्या, कारण तुम्हाला लिहिता येत नव्हतं. मी टेबलावरून बघत होते आणि मला वाटत होतं, मावशी गप्पा मारत बसल्यात.

त्या वर्षी अक्राणीकडची आठ वर्षांची एक मुलगी आली. तिची आई म्हणजे खांद्यावर दोनदा थापटणं, कारण घरी आईच्या खांद्याला कायम धाकटं बाळ झोळीत. पहिले दोन आठवडे ती जेवत नव्हती. तुम्ही तिच्यासमोर बसून खांद्यावर थापटायच्या, मग डोंगराकडे बोट करायच्या, मग ताटाकडे. आई आहे, तिकडे आहे, तू जेव. आणि ती जेवायची. माझ्या वर्गात तीच मुलगी आरशासमोर बसलेली. मी तिच्या तोंडापुढे कागदाची पट्टी धरते, ‘प’ म्हटल्यावर पट्टी हलली पाहिजे. पट्टी हलत नाही. मी पुन्हा धरते. पाऊण तास. तुम्ही पाण्याची कळशी ठेवायला आत आलात. पोरीने तुमच्याकडे बघून अंगठा ओठाला लावला. तुम्ही लगेच पेला भरून दिलात आणि मी म्हटलं, “मावशी, असं देऊ नका. तिला ‘पाणी’ म्हणू दे आधी.”

तुम्ही म्हणालात, “बाई, ही ‘पानी’ म्हनाले शिकी, तोवर तिसे मरी जाई ना माय!” आणि जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून, दारातच तहानेने मेल्यासारखी मान टाकलीत. सगळा वर्ग हसला. ज्यांना तुमचा एक शब्द ऐकू आला नव्हता, ती सगळी मुलं पोट धरून हसली. ती मुलगीही हसली. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा.

मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, की मी मुख्याध्यापकांकडे गेले ते शिक्षणाच्या तत्त्वासाठी. आता तसं लिहिता येत नाही. वर्ग माझ्याकडे बघून हसला, म्हणून गेले. जाण्याआधी तुम्हाला सगळ्यांसमोर म्हटलं, “शिकवायचं काम माझं आहे. तुम्ही वेण्या घाला.” तुम्ही “बरं बाई” म्हणालात आणि दोन्ही हात पदराखाली घेतलेत. तेव्हाची माझी वही अजून आहे. त्या दिवसाखाली काय लिहिलंय ते परवा बघितलं. ‘आज अक्राणीच्या मुलीचा प शेवटी आला.’ एवढंच. तुमच्याबद्दल अक्षर नाही. पुढच्या सोमवारपासून तुम्हाला स्वयंपाकघरात घातलं आणि वसतिगृहावर दुसरी बाई आली. ती वाईट नव्हती, पण तिला कुणाची आई ठाऊक नव्हती. ती मुलगी जेवणाच्या रांगेत ताट घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी रेंगाळायची. तुमचे हात भाकरीच्या पिठात. तिने खांद्यावर थापटलं, की तुम्ही नुसती मान हलवायच्या. मी बघते आहे असं दिसलं, की तेही नाही.

दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली ती परत आली नाही. बाप बाजारात भेटला, पोर घरी बरी आहे म्हणाला. तुम्ही हात पुसत माझ्याकडे आलात. मुख्याध्यापकांकडे नाही, माझ्याकडे. “बाई, मी जाऊ का तिले आनाले? मले वळखस ती. मी दिसनू म्हंजे यी.” मी म्हटलं, “बघू, सरांना विचारते.” मावशी, मी विचारलं नाही. विसरले नव्हते. तुम्ही गेलात आणि ती तुमच्याबरोबर आली असती, तर काय सिद्ध झालं असतं, ते मला कळत होतं. तुम्ही दोनदा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारलं नाहीत.

पुढे सगळं बदललं. खुणांची भाषा हीसुद्धा भाषाच, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगू लागले, आणि आधी ज्यांनी हात मागे बांधायला शिकवलं होतं, तेच लोक व्यासपीठावरून हात हलवू लागले. मीही शिकले. चांगलं शिकले. आता जिल्हाभर फिरून शिक्षकांना शिकवते. माझ्या शिबिरात पालकांना पहिला प्रश्न असतो, ‘घरी पाणी कसं मागते?’ नवे शिक्षक वहीत उतरवून घेतात. विसरवाडीला एका तरुण शिक्षिकेने विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं?” मी म्हटलं, अनुभवाने. खोटं नव्हतं ते. फक्त अनुभव कुणाचा, ते सांगितलं नाही. तुम्ही गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर आलं, तेव्हा मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. तुमचं घर पंधरा मिनिटांवर होतं.

गेल्या महिन्यात शिबिरात एक बाई दिरासोबत आली. कडेवर चार वर्षांची मुलगी. मुलीला ऐकू येत नाही, बाईलाही नाही. मी दिराशी बोलत होते आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तिने स्वतःचा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, घट्ट, मी वर्गात ठेवायला लावायचे तसा. तेव्हा मी तिला ओळखलं, अक्राणीची तीच मुलगी. तिच्या हिशेबात मी म्हणजे गळा. ती रागावलेली वाटली नाही. तिने हनुवटीवर बोटाने तीन ठिपके दिले, जिथे तुमचं गोंदण होतं, आणि हात उघडा करून इकडेतिकडे पाहिलं.

दीर म्हणाला, “मॅडम, ती विचारते, ती बाई आहे का शाळेत? ती असेल तर पोरीला जूनला ठेवते. नाही तर नाही ठेवत.”

मला खुणांची भाषा येते, मावशी. पण तिला ती कधी कुणी शिकवलीच नव्हती, तिच्याकडे घरच्या खुणांखेरीज काही नव्हतं. माणूस मेलं हे तिच्या घरी कसं दाखवतात, ते मला ठाऊक नव्हतं. दिराला विचारता आलं असतं. तो समोर उभा होता. मी विचारलं नाही. मी डोंगराकडे हात केला, गावाला गेली, आणि मग हात परत शाळेच्या बाजूला वळवला. येईल. ती हसली, पिशवीतून हे गाठोडं काढून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा हनुवटीवर तीन ठिपके दिले. दिराने अर्जावर अंगठा उमटवला.

आता ही मुलगी शाळेत यावी म्हणून मी खोटं बोलले, की पुन्हा एकदा माझ्यामुळे कुणी शाळा सोडली असं नको म्हणून? दोन्ही एकच आहे असं मला म्हणावंसं वाटतं, आणि तसं वाटतं म्हणूनच शंका येते. जूनला ती येईल. हातपंपाजवळ तुम्हाला शोधेल. तेव्हा आधी तिच्या दिराला बाजूला घेऊन माणूस मेल्याची ती खूण विचारायची आणि मग तिच्यासमोर बसून ती करायची, एवढं ठरवलंय. मग ती मुलीला उचलून परत निघाली, तर तिला अडवायला माझ्याकडे काही नाही. त्या लहानीच्या पाच खुणा मात्र शिबिराच्या दिवशीच विचारून घेतल्या होत्या. पाणी, भूक, पोट, भीती, आई. आई म्हणजे तळहाताने कान झाकणं. रोज एकदा करून बघते, विसरू नये म्हणून.

हे कुठे पाठवणार? वहीतच राहील. आणि एक सांगायचं राहिलं. आमचूर तुमचं आहे हे ठाऊक असून काल त्यातलं चिमूटभर आमटीत घातलं. चांगलं आंबट आहे.