माक्याच्या तेलाची वात

हैदराबाद

ती. दादा,
लेकीचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं माक्याचं तेल पोचलं. आई गेल्यावर बांधावरचा माका तुम्ही एकट्यानं आणलात आणि कढवलात, याचं नवल वाटलं.

तेलाला आंबूस वास येतोय. पाल्याच्या रसातलं पाणी पुरतं आटलेलं नाही. फोनवर आवाज नीट पोचत नसेल असं वाटून मी ओरडून विचारलं होतं, आईसारखी तेलात वात भिजवून पेटवली का? तुम्ही म्हणालात, "पेटवली की. जराबी तडतडली न्हाई."

काल मी तशीच वात पेटवली. उरलेल्या पाण्याची ती तडतड शेजारच्या खोलीतल्या मुलीलाही ऐकू गेली.

दादा, तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही? फोन कायम आईच उचलायची आणि "दादा बरे हायेत" म्हणायची. मीही पुढे विचारलं नाही. इथे प्रयोगशाळेत दिवसभर मी तपासण्याच करते.

दिवाळीत येईन, तेव्हा डॉक्टरांना कान दाखवू. तोवर तेलगावच्या रस्त्यानं सायकल नेऊ नका, उसाचे ट्रॅक्टर मागून येतात. शेळी व्याली का?

तेल मी टाकलेलं नाही. पुन्हा कढवलं आणि केसांना लावलं.

पुन्हा तेल केलंत तर वातीच्या आवाजाची वाट पाहू नका. ज्योतीकडे बघत बसा. पाणी असेल तोवर ती उडत राहते. स्थिर झाली की कढई उतरवा.

तुमची,
राजनंदिनी