पुसलेली सतरा मिनिटं

सोमवार, ३
नवी नोकरी, नवी वही! वाहतूक खात्यात खिडकीजवळचं टेबल मिळालं. ताई म्हणाली, आता तरी हा माणसात येईल. काम मजेचं आहे. गाड्यांमधलं जीपीएस दर पाच सेकंदांनी एक ठिपका पाठवतं. ठिपके जोडून कुठली गाडी कुठल्या चौकात किती खोळंबली ते बघायचं आणि चौकाची सरासरी काढायची. मॅडमनी एकच नियम सांगितला: दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलेली गाडी पार्क केलेली समजायची आणि यादीतून काढायची.

बुधवार, १९
हॉस्पिटलच्या चौकाची सरासरी बावन्न सेकंद आली. सिग्नलच्या नव्या वेळा मीच सुचवलेल्या, त्यामुळे मॅडमनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. एक गाडी सतरा मिनिटं थांबली होती, ती काढली. नियमच आहे.
खरं लिहायचं तर तिचा ठिपका हात-हातभर पुढे सरकत होता. पार्क केलेली गाडी सरकत नाही. मला ते दिसलं होतं. पण तिच्यामुळे सरासरी बिघडली असती.

मंगळवार, २५
आज एक म्हातारा होत आलेला ड्रायव्हर आला. त्याच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एक बाई वाटेतच गेली. वाटेत चहाला थांबला, असा त्याच्यावर आरोप आहे. शुक्रवारी अकराला चौकशी आहे. नोकरी जाईल आणि नावही. तो म्हणाला, "साहेब, मी कुठे थांबलो नाही हो. चौकात अडकलो होतो. तुमच्याकडे दिसतं ना सगळं?"
मी गाडीचा नंबर पाहिला. तीच ती. स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि म्हणालो, "इथे तर काहीच नाही, काका."
तो माझे आभार मानून गेला. शरमेनं मला मान वर करता आली नाही. रात्री जेवण गेलं नाही. ताईला सांगितलं, डोकं दुखतंय.

बुधवार, २६
ती गाडी यादीत परत आली आहे. तोच चौक. थांबा: सात दिवस. हॉस्पिटलला फोन केला, तर म्हणाले ती कुलपात आहे, जीपीएसही काढून ठेवलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं असेल. काढून टाकली.

गुरुवार, २७
परत आली. काढली. परत आली. ठिपका सरकतोय, हात-हातभर.
मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेलो. परत फिरलो. लाज वाटली.

शुक्रवार, २८
यादीतून काढली तरी ठिपक्यांची मूळ नोंद राहते; सकाळी ती छापून घेतली. हॉस्पिटलकडून काकांचा नंबर घेऊन त्यांना कळवलं, चौकशीला येतोय. तिथे सगळं सांगणार. खात्याची गाडी घेतली.

१०.४० – हॉस्पिटलचा चौक. लाल. वीस मिनिटं झाली. शेजारच्या गाड्या निघून जातात, माझी हलत नाही. दार उघडत नाही. मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या, तुझी गाडी कुठेच दिसत नाही.

१०.५५ – आरशात पांढरी अ‍ॅम्ब्युलन्स. ड्रायव्हरची जागा रिकामी. मागच्या काचेवर आतून कुणीतरी –

११.०५ – ड्रायव्हरकाकांचा फोन. नाव पुकारलं, येताय ना? काकांना सांगणार होतो, तर फोन बंद पडला.

ती सरकली. आता अगदी मागे. ही वही ज्याला मिळेल त्यानं चौकशीत सांगावं, काका थांबले नव्हते. ती सतरा मिनिटं मी