मोकळा क्रमांक

३ मार्च

नवी नोकरी, नवं टेबल, आणि शेजारी चक्क खिडकी! बायकोनं ही वही दिली. म्हणाली, मनातलं इथे लिही, माझं डोकं खाऊ नकोस. चिमणीनं, म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या लेकीनं, पहिल्याच पानावर चष्मेवाला बाबा काढून ठेवलाय. हुबेहूब मी, फक्त कान जरा सढळ हातानं दिलेत.

कंपनी लोकांच्या वेबसाइट सांभाळते. चाळीस मशिन, हजारो ग्राहक, आणि प्रत्येकाचं खातं आजवर हातानं उघडत होते. मला टूल बनवायचंय. सगळ्यांची नोंद एकाच डिरेक्टरीत. नोंद केली की साइट, मेल, जागा आपोआप मिळणार. पुसली की आपोआप जाणार. आम्ही कर्मचारीही त्याच डिरेक्टरीत. माझा क्रमांक २२१०.

९ मार्च

टूल झकास चालतंय. रोज संध्याकाळी पाचला ते डिरेक्टरी वाचतं आणि कामाला लागतं. मोकळा झालेला क्रमांक पुढच्या माणसाला द्यायचा, ही माझी अक्कल. सर्व्हर रूम सांभाळणारे मामा (इथे सगळ्यांचेच मामा) त्यावर भडकले. मशिनला नाव कळत नाही, फक्त क्रमांक कळतो, म्हणाले. जुन्याचं जे मागे राहिलं असेल ते नव्याचं होऊन बसतं. मग मी अशी सोय केली, की नोंद पुसली की त्या क्रमांकाचं असेल नसेल ते सगळं पुसलं जाईल. निदान मागे घ्यायचं बटण तरी ठेव, असं ते बजावत होते. ठेवलं नाही. मामा उगाच घाबरतात.

१० मार्च

चाचणी स्वतःवरच घेतली. नोंद न पुसता नुसता क्रमांक बदलला: २२१० सोडला, मोकळा पडलेला १०४३ घेतला. माझ्या आधी या टेबलावर जो बसायचा, त्याचा तो क्रमांक. सहा महिन्यांपूर्वी तो वारला तेव्हा त्याची फक्त नोंद पुसली होती. त्याच्या फायली आता माझ्या म्हणून दिसतात. मामांचं खरं निघालं, पण त्यांना सांगणार नाही. डोक्यावर बसतील.

१२ मार्च

फाटकापाशी एक म्हातारी उभी होती. माझ्या गळ्यात मफलर गुंडाळला आणि रडत रडत रागावली, सहा महिने आईला तोंड दाखवलं नाहीस म्हणून. तुमची काहीतरी चूक होतेय, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, तुझा गुडघा कसा आहे?

तिचा गुडघा दुखतो हे मला कुणी सांगितलं? मला भीती वाटतेय. बायकोला बोललो नाही.

१६ मार्च

आज एक दाढीवाला नवा माणूस रुजू झाला. पाचला टूलनं त्याला मोकळा क्रमांक दिला. २२१०.

घरी गेलो तर किल्ली लागेना. बायकोनं दार जेमतेम उघडलं. कोण हवंय, असं विचारलं. आत तो बसला होता, माझ्या चपला घालून. चिमणी त्याला चित्र दाखवत होती. दार लागलं. पाय आपोआप म्हातारीच्या घराकडे वळले. रस्ता मला ठाऊक होता.

१७ मार्च

पहिल्या पानावरच्या बाबाचा चष्मा गेला. दाढी आली.

मामांना सगळं सांगितलं. ते म्हणाले घाई करू नकोस, आधी विचार करू. मी ऐकलं नाही. दात-ओठ खात त्या माणसाची नोंद पुसली. पाचला तो जाईल. माझं घर मला परत मिळेल.

चार चाळीस

तो जाईल — आणि त्या क्रमांकाचं असेल नसेल ते सगळं. माझं घर २२१०चं आहे. बायको. चिमणी. ही वहीसुद्धा.

चार एक्कावन्न

बटण नाही. मीच ठेवलं नाही. मामा मशिन बंद करायला धावलेत — चाळीस आहेत — मामांचे म्हातारे पाय —

चार सत्तावन्न

घरी फोन लावला. चिमणीनं उचलला. मला काका म्हणाली. बाबांना बोलावू का म्हणाली. नको म्हटलं, तूच बोल, फोन ठेवू नकोस. तिचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. शाळेतली कविता म्हण म्हटलं. म्हणतेय. ती म्हणत राहील, मी लिहीत राहीन. पहिलं कडवं झालं. एक ओळ विसरली, हसली. दुसरं झालं. आता तिस