लिफ्टमनचा जिना

३ जून, सोमवार
डायलिसिस सेंटरात नवीन फिजिओबाई आल्या. माझ्या धाकटीच्या वयाच्या. म्हणे, काका, मशीन चालू असताना नुसते पडून राहू नका, पाय चालवा. मधल्या दिवशी घरी थोडा जिना चढा. मला जिना! एकतीस वर्षं लिफ्टमन होतो. घरसुद्धा तळमजल्यावर घेतलं. बिघडल्या किडन्या, राबायचं पायांनी? स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. शेजारच्या बेडवरच्या, शाळेतून रिटायर झालेल्या हेडबाई (वय ७१) पडल्यापडल्या पायाशी लावलेली सायकल मारत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या.
ठरलं. महिन्याभरात गच्ची. चार मजले.

४ जून, मंगळवार, सकाळी ६
आजपासून सुरू.
सकाळी ९.३०
बूट सापडत नाहीत. उद्या डायलिसिस. म्हणजे परवापासून.

६ जून, गुरुवार
बूट माझ्याच पलंगाखाली होते. तिथे कोणी ठेवले, कळत नाही.
पहिला मजला सर! बायको दारातून बघत होती. दम अजिबात लागला नाही. कठडा तपासायला दहा मिनिटं थांबलो, इतकंच. हलतो. सोसायटीला पत्र लिहिलं. त्यात सकाळ गेली.

७ जून, शुक्रवार
सेंटरात जाहीर केलं, एक मजला, आरामात. वर सायकलही मागितली. चौथ्या मिनिटाला पोटरीत गोळा. पेडल फार घट्ट. हेडबाईंना सैल देतात. वशिला, दुसरं काय!

८ जून, शनिवार
पुन्हा पहिला मजला. बायको म्हणाली, हात धरते. म्हटलं, गरज नाही. ती खालीच उभी राहिली. वर जाऊन बसलो. दोन वर्षं सुयांनी दमतोय. आज स्वतःच्या पायांनी दमलो. बरं वाटलं. हे कोणाला सांगायचं नाही.

१० जून, सोमवार
फिजिओबाईंनी तक्ता काढला. म्हटलं, लिहा, एक मजला, दोन वेळा.
आज सोबत आलेली बायको म्हणाली, मजला कुठला, पहिल्या वळणापर्यंत. आठ पायऱ्या.
हेडबाईंची सायकल थांबली.
मी म्हणालो, लिफ्ट वळणावर थांबत नाही, मला काय माहीत तिथे मजला नसतो! कोणी ऐकलं नाही. फिजिओबाईंनी आठ लिहिलं आणि पुढे लाल पेनने 'छान'. पहिलीतल्या पोराला देतात तसं.
बघून घेईन सगळ्यांना. उद्या नऊ.
दहाही जमतील. पण नऊ.